बायोफीडबॅकची खरी गरज कुठे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसनी गजबजलेल्या इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात मेंदूच्या लहरी मोजून एकाग्रता वाढवून देण्याचा दावा कानावर येतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ नेमबाज अभिनव बिंद्रा यांचे उदाहरण हटकून दिले जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या बिंद्रांच्या तयारीत बायोफीडबॅकचा, म्हणजे शरीरात काय चालले आहे ते यंत्रावर पाहून त्यावर ताबा मिळवायला शिकण्याच्या पद्धतीचा, समावेश होता, हे खरे. शेजारी महूला लष्कराचे नेमबाजी केंद्र असल्याने इंदूरकरांना या खेळाचे अप्रूपही आहे. परंतु वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या खेळाडूचे साधन परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलाला महिन्याभराचे पॅकेज म्हणून विकणे, हा निव्वळ धंदा झाला.

बायोफीडबॅकचे यंत्र स्वतः काहीच बरे करत नाही. स्नायूंचा ताण, त्वचेचे तापमान, नाडीची गती अशा एरवी लक्षात न येणाऱ्या गोष्टी ते आवाजाच्या किंवा रेषेच्या रूपात समोर ठेवते. त्या बदलायच्या कशा, हे माणसालाच शिकावे लागते. अर्धशिशीत आणि ताणाच्या डोकेदुखीत त्याचा चांगला उपयोग होतो. रक्तदाबाबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत, तेव्हा त्याच्या भरवशावर कोणी गोळ्या बंद करू नयेत.

खरी गरज आहे त्या विषयावर मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास अनेक स्त्रिया मुकाट्याने सोसतात. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन मोजून दाखवणाऱ्या उपकरणाची माहिती १९४८ मध्येच प्रसिद्ध केली होती. नुसते ‘आतून आवळा’ असे सांगितले, की पुष्कळ जणी श्वास रोखून पोट आवळतात किंवा उलट खाली जोर लावतात आणि महिनोन्‌महिने चुकीचाच व्यायाम करत राहतात. पडद्यावर पोटाची रेषा उसळलेली आणि या तळाच्या स्नायूंची रेषा जागच्या जागी दिसली, की ही चूक त्यांची त्यांनाच कळते. शौचाच्या वेळी सैल व्हायचे स्नायू आवळले गेल्याने होणाऱ्या बद्धकोष्ठातही हे प्रशिक्षण रेचकांपेक्षा सरस ठरले आहे, पण आपली भिस्त अजून इसबगोलावर आणि चूर्णावरच.

महाराजा यशवंतराव रुग्णालयासह शहरातील सरकारी व धर्मादाय रुग्णालयांनी ही सोय कोणत्या दिवशी आणि किती शुल्कात मिळते, याचा फलक स्त्रीरोग विभागाबाहेर लावावा. जिथे ती नसेल तिथे आधी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, शक्यतो महिला, नेमावी आणि यंत्र मागाहून घ्यावे. आपल्या महिला मंडळांनीही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशा एखाद्या फिजिओथेरपिस्टला तासभर बोलवावे. माईकवर कोणी प्रश्न विचारणार नाही हे गृहीत धरून चिठ्ठ्यांची सोय मात्र ठेवावी.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
रामबाग, इंदूर