एकट्या खोलीत अडकलेल्या लेकाला

मे २०२०

प्रिय राजा,

फोनवर विचारलं की तू "ठीक आहे" म्हणतोस, मग आपण जेवलास का, झोप झाली का असलं काहीबाही बोलतो आणि फोन ठेवतो. म्हणून आज लिहायलाच बसले. लिहिताना मध्येच नेटवर्क जात नाही आणि तुला लगेच उत्तर द्यायची घाईही नाही. बरंच लांबेल असं दिसतंय, ऑफिसचं काम संपलं की निवांत वाच, जेवता जेवता नको.

परवा तू बोलता बोलता म्हणालास, "अगं आई, मला कसला त्रास, नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, कोरोनाने लोकांचे जीव चाललेत, मी कशाला कुरकुर करू?" ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. लोकांचं दुःख तुला दिसतं, ते बघून तुझ्या पोटात तुटतं, याचं मला फार बरं वाटतं. पण दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून तुझं संपत नाही ना रे. ते तिथेच राहतं, फक्त त्याच्याबद्दल बोलायची तुला लाज वाटायला लागते, आणि मला नेमकी त्या लाजेची भीती वाटते.

तुझं काय काय गेलंय ते मला दिसतंय. रूममेट लॉकडाऊनच्या आदल्या रात्री मिळेल ती गाडी पकडून घरी गेला आणि तू काम आहे म्हणून थांबलास, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. आता एकच खोली, त्याच पलंगावर झोपायचं, त्याच पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायचं, त्यावरच जेवायचं, आणि वरच्या मजल्यावर दिवसभर काहीतरी सरकवल्याचा आवाज. ऑफिसला जायचं तेव्हा दिवसाला सुरुवात आणि शेवट तरी होता, आता रात्री अकराला मेसेज येतो "जस्ट अ क्विक थिंग" आणि तू परत लॅपटॉप उघडतोस, वर पगार कापलाय तो वेगळाच. सामान मागवायला स्लॉट मिळत नाही, मिळाला तर अर्ध्या वस्तू संपलेल्या, आल्या की पुसत बसा. सोमवार की गुरुवार हे कळत नाही असं तू म्हणालास ना, ते मला अगदी पटलं, कारण दिवस एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात ते बाहेर जाण्याने, माणसं भेटण्याने, आणि तेच सगळं काढून घेतलंय.

आणि काका गेले.

त्याबद्दल आपण अजून नीट बोललोच नाही. मोजक्याच लोकांना परवानगी होती, आम्हालाही जाता आलं नाही, सगळ्यांनी फोनवर बघितलं. मध्येच चित्र अडकलं, परत सुरू झालं तोपर्यंत सगळं उरकलं होतं. मला माहितीये तू थोड्याच वेळात मीटिंगला बसलास, कारण तूच नंतर सहज बोलून गेलास की मीटिंग होती म्हणून फोन कट केला. ज्यांनी तुला सायकल शिकवली त्यांना निरोप दिला आणि लगेच कॅमेऱ्यासमोर बसून कुठल्यातरी रिपोर्टबद्दल बोललास. बाळा, असं कोणालाच जमत नाही. जमल्यासारखं वाटतं, पण ते आत कुठेतरी साठत राहतं. एरवी घरात माणूस गेलं की माणसं गोळा होतात, कोणी रडतं, कोणी जुन्या गोष्टी सांगतं, कोणी नुसतंच शेजारी बसतं, आणि चार दिवसांनी ते दुःख थोडं तरी पेलण्याएवढं होतं. तुला त्यातलं काहीच मिळालं नाही. मलाही नाही. काकू म्हणाल्या की अजून दारावर टकटक झाली की त्यांना वाटतं हेच आले, कारण गेले हे डोळ्यांना पटलंच नाहीये. तेव्हा तुला रात्री झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही, छोट्या गोष्टीवरून राग येतो, तर तुझ्यात काही बिघडलंय असं मनात आणू नकोस. एवढं सगळं झाल्यावर दुसरं काय होणार होतं?

तुझा दुसरा राग, की "एवढे दिवस सगळं बंद ठेवलं तरी आकडे वाढतायत, मग उपयोग काय?" बाबांचाही हाच प्रश्न होता. मी जे वाचलं, डॉक्टर मावशीशी बोलले, त्यातून मला असं कळलं की कोरोनाचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी कधी १४ दिवससुद्धा. मग माणूस टेस्ट करणार, रिपोर्ट येणार, तब्येत बिघडणार असेल तर त्यानंतर आणखी आठवडा. म्हणजे आज टीव्हीवर जो आकडा दाखवतात तो आजचा नसतोच, दोन-एक आठवड्यांपूर्वी जे घडून गेलं ते आज दिसत असतं. आपण आज घरात बसलो त्याचा परिणाम बघायला तेवढीच वाट बघावी लागते आणि तो दिसतो तेव्हाही दिसत नाही, कारण जो माणूस आजारी पडलाच नाही त्याचा आकडा कोण दाखवणार? चीनमधल्या वूहानमध्ये २३ जानेवारीला सगळं बंद केलं ते ८ एप्रिलला उघडलं, ७६ दिवस. तिथेही तुझ्यासारखी मुलं एकेका खोलीत एकटी होतीच की.

आणि तू तरुण आहेस, धडधाकट आहेस, तरी तुला का कोंडलंय? तर हा आजार लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो. २००३ मध्ये सार्स आला होता, तू तेव्हा शाळेत होतास, तो याच घराण्यातला विषाणू. पण त्याचा प्रसार मुख्यतः माणूस चांगला आजारी पडल्यावर व्हायचा, त्यामुळे आजाऱ्याला वेगळं ठेवलं की साखळी तुटायची, आणि त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत ती तुटलीसुद्धा. याचं तसं नाही, आजारी कोण हे कळायच्या आतच तो पुढे गेलेला असतो. म्हणून सगळ्यांनाच थांबावं लागतंय. बाबांना शुगर आहे, आजी ८१ वर्षांची आहे, आणि अशा कोणाच्यातरी बाबांसाठी, आजीसाठी तू तिथे एकटा बसला आहेस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, ते खरंच तसं आहे.

मास्कवरून तू चिडलास तेही बरोबर. आधी सांगितलं की फक्त आजारी माणसाने लावा, मग एप्रिलपासून बऱ्याच ठिकाणी सगळ्यांनी लावा. माणूस वैतागणारच. पण ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने याला महामारी म्हटलं तेव्हा हा आजार जगाला माहीत होऊन तीन महिनेही झाले नव्हते. नवं कळलं की सल्ला बदलणार, आणि बदललेला सल्ला सांगायला धीर लागतो. माझा राग आहे तो न कळताच छातीठोकपणे बोलणाऱ्यांवर. फॅमिली ग्रुपवर रोज एक नवा इलाज येतो, अमुक हुंगा, तमुक गिळा, मी आता प्रत्येकाला विचारते की हे कुठून आलं, आणि कोणीच सांगत नाही. साबणाचं मात्र पक्कं. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो आणि मग तो विषाणू निकामी होतो, म्हणून २० सेकंद नीट चोळायचं. एवढी साधी वस्तू आणि एवढं मोठं काम.

आणखी एक. तो न्यूटनचा मेसेज तुलाही आला असेल, की प्लेगमुळे १६६५ मध्ये केंब्रिज बंद पडलं, न्यूटन घरी बसला आणि त्याने गणित आणि प्रकाशावर केवढं काम केलं, तुम्ही घरी बसून काय केलंत? तू तो वाचून ऑनलाइन कोर्स लावलेस आणि एकही पूर्ण होत नाही म्हणून स्वतःवर चिडलास. राजा, न्यूटन तेव्हा आईच्या घरी होता. मोकळं शेत होतं, बागेत फिरता येत होतं, आणि रात्री अकराला त्याला कोणी मेसेज करत नव्हतं. तू तिथे एकटा आहेस, दिवसभर नोकरी करतोस, स्वतःचं जेवण करतोस, भांडी घासतोस, कपडे धुतोस. मला तुझ्याकडून एकही सर्टिफिकेट नकोय. कोर्स बंद करून टाक. आजचा दिवस निभावलास, आंघोळ केलीस, दोन वेळा जेवलास, तर माझ्या दृष्टीने तेवढं पुष्कळ आहे आणि कोणी याहून जास्त मागत असेल तर त्याला तुझी परिस्थिती माहीत नाही.

व्हिडिओ कॉलने तुझं डोकं दुखतं ना, त्याचं मला आधी नवल वाटायचं, नुसतं बसून बोलण्यात काय दमायचंय. पण आजीशी बोलताना माझ्या लक्षात आलं. तू स्क्रीनवरच्या आमच्या डोळ्यांत बघतोस आणि कॅमेरा तर वर असतो, म्हणजे नजरेला नजर कधी भिडतच नाही. आवाज जरासा उशिरा येतो, मग दोघं एकदम बोलतो, दोघं एकदम थांबतो. शिवाय कोपऱ्यात आपला स्वतःचा चेहरा दिसत राहतो. तू दिवसभर हे ऑफिससाठी करतोस आणि रात्री परत आमच्यासाठी कॅमेरा लावतोस. तर इथून पुढे रोज व्हिडिओ नको. नुसता साधा फोन कर, खोलीत फेऱ्या मारत, अंधारात पडून, कसाही. काही बोलायचं नसेल तर फोन चालू ठेवून आपापली कामं करू, मला चालेल. इथे आपल्या घरातले आवाज तुला ऐकू येत राहतील.

बातम्या मात्र कमी कर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बास. रात्री पडल्या पडल्या आकडे बघत बसतोस आणि मग झोप येत नाही असं होतं ते. आणि सकाळी उठल्यावर खिडकीशी उजेडात उभा राहत जा थोडा वेळ, शरीराला दिवस सुरू झाला हे उजेडानेच कळतं, तू तर पडदे लावून बसतोस. साहेबांना एकदा स्पष्ट सांग की रात्री नऊनंतर लॅपटॉप बंद. नोकरीची भीती मला कळते, पण शांतपणे लिहून सांगून बघ, कदाचित तुझ्या टीममध्ये सगळेच कोणीतरी आधी बोलायची वाट बघत असतील.

हे कधी संपेल, तू दर वेळी विचारतोस. तारीख कोणाकडेच नाही. पण लहानपणी तू माझ्या दंडावरचा तो गोल वण बोटाने दाबून विचारायचास ना की हे काय आहे, तो देवी, म्हणजे स्मॉलपॉक्स, या आजाराच्या लशीचा आहे. तुझ्या दंडावर तो नाही, कारण तुझ्या जन्मापर्यंत त्या लशीची गरजच उरली नव्हती. देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि ८ मे १९८० ला जाहीर झालं की देवी जगातून गेली, याच महिन्यात त्याला ४० वर्षं झाली. हजारो वर्षं माणसं मारणारा आजार होता तो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत लोकांना आपल्याला नेमकं काय मारतंय हेही कळलं नव्हतं, माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला १९३३ मध्ये. आणि या वेळी जानेवारीतच विषाणूची सगळी जनुकीय रचना जगासमोर आली आणि १६ मार्चला लशीच्या चाचणीतलं पहिलं इंजेक्शन दिलं गेलंसुद्धा. लस कधी हाती येईल हे मी सांगू शकत नाही, पण लोक रात्रंदिवस कामाला लागलेत आणि त्यांना काय शोधायचंय ते माहीत आहे, याच्यावर माझा भरवसा आहे.

तोपर्यंत चिड, रड, कंटाळा आला म्हण, काकांची आठवण येते म्हण, विम्बल्डन रद्द झालं त्याचं वाईट वाटतं तेही म्हण. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच रद्द झालंय, तू आणि बाबा दर वर्षी फायनल एकत्र बघायचात, ते वाईट वाटणं काही क्षुल्लक नाही. बाबा बोलत नाहीत पण त्यांनाही लागलंय. फ्रेंच ओपन सप्टेंबरात ढकललीय म्हणे, ती होईल की नाही यावर त्यांना तुझ्याशी बोलायचंय. रविवारी दुपारी आधी त्यांना फोन कर, ते झाले की मला दे म्हणावं. काकूंचा नंबर वेगळा पाठवतेय, त्यांना तुझा आवाज ऐकायचाय, काय बोलू असा विचार करत बसू नकोस, सायकलची गोष्ट सांग, त्यांना ती माहीत नाही.

तुझी,
आई