गॅस गिझरवरील एरर कोडचा चुकीचा अर्थ, चुकीचे जेट आणि तीन निष्फळ दुरुस्त्या यांबाबत तक्रार

दांडिया बाजार, बडोदे
दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सहा लिटर डिजिटल गॅस गिझर, हमीच्या मुदतीत घेतलेले दुरुस्तीचे पैसे परत मिळणे व गिझर बदलून मिळणे याबाबत.

महोदय,

दि. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी मी आपल्या कंपनीचा सहा लिटर क्षमतेचा डिजिटल गॅस गिझर बडोद्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून ७,४०० रुपयांना विकत घेतला. आमच्याकडे सिलिंडर नसून पाइपने येणारा नैसर्गिक गॅस आहे, हे मी दुकानात आधीच सांगितले होते आणि विक्रेत्याने बिलावर तसे स्वतःच्या हाताने लिहूनही दिले आहे. ९ ऑक्टोबरला आपल्या तंत्रज्ञाने गिझर मागच्या उघड्या गॅलरीत बसवला. न्हाणीघरात बसवू नये एवढे भान त्याला होते, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. त्याच्याबाबतीत आभार मानण्यासारखे एवढेच आहे, हे पुढील मजकुरावरून आपल्या ध्यानात येईल.

यंत्र बिघडते, हे मला मान्य आहे. कलाभवन या येथील तंत्रशिक्षण संस्थेत डिप्लोमा करून एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये मी चौतीस वर्षे काढली असल्यामुळे बिघाडाने मी गडबडून जात नाही. परंतु काय बिघडले आहे ते यंत्र स्वतः कोड दाखवून सांगत असताना तो कोड वाचायला आलेल्या तीन माणसांनी त्याचे तीन अर्थ काढावेत, प्रत्येक अर्थाचे पैसे घ्यावेत आणि मूळ दोष जागच्या जागी ठेवून निघून जावे, हे मला मान्य नाही.

३ जानेवारीला पहाटे गिझरवर प्रथम ‘ई-१’ उमटला. माहितीपुस्तिकेत त्यापुढे ‘इग्निशन फेल्युअर’ एवढे दोनच शब्द छापलेले आहेत. मी त्याच दिवशी आपल्या हेल्पलाइनवर फोन करून सांगितले की ठिणगीचा टकटक आवाज येतो, काचेतून निळी ज्योत लागलेली स्पष्ट दिसते, पण चार-पाच सेकंदांत ती विझते आणि मग कोड येतो. माझ्या दृष्टीने तक्रारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होता. तो आपल्या नोंदीत उतरलाच नाही; तिथे फक्त ‘गिझर चालू होत नाही’ असे लिहिलेले होते, हे तंत्रज्ञाने मला मोबाइलवर दाखवले.

हा भाग महत्त्वाचा का, ते थोडे सविस्तर लिहितो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, स्विच दाबला जातो, दोन सेलच्या तीन व्होल्टवर सर्किट जागे होते, ठिणग्या पडू लागतात आणि गॅसची विजेवर चालणारी झडप उघडते. ज्योत लागल्यावर बर्नरवर आडवी आलेली एक बारीक सळई ज्योतीत बुडते आणि तिच्यातून ज्योतीमार्फत बर्नरच्या धातूकडे अतिशय क्षीण, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह वाहतो. हा प्रवाह काही सेकंदांत मिळाला नाही, तर ज्योत लागलेलीच नाही असे समजून सर्किट झडप मिटवते आणि कोड दाखवते. म्हणजे ‘ई-१’ या एकाच कोडमागे निदान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. ठिणगीच नसेल तर सेल किंवा ठिणगीची वायर पाहावी. ठिणगी आहे पण ज्योत नाही, तर गॅस पोहोचत नाही. आणि ज्योत लागून विझत असेल, तर सळई, तिची वायर, अर्थिंग किंवा खुद्द ज्योतीची उंची तपासावी. काचेतून पाच सेकंद पाहणारा कोणीही यांतले नेमके कोणते ते ओळखू शकतो, आणि मी ते ओळखून सांगितलेही होते.

तरीही ६ जानेवारीला आलेल्या पहिल्या तंत्रज्ञाने, मी दोनच दिवसांपूर्वी घातलेले नवे सेल काढून आपले सेल घातले आणि भेटीचे ३५० रुपये घेतले. १२ जानेवारीला दुसऱ्याने ठिणगीचा इलेक्ट्रोड बदलून ६५० रुपये घेतले. ठिणगी उत्तम पडत असताना ठिणगीचाच भाग का बदलता, असे मी विचारले, तेव्हा ‘काका, ई-१ म्हणजे इग्निशन, इग्निशन म्हणजे हाच पार्ट’ असे उत्तर मिळाले. पुस्तिकेतल्या दोन शब्दांवर सारी विद्या उभी असली, की असेच होते. त्यानंतर उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आणि दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण आले, सारे शहर गच्चीवर होते आणि तंत्रज्ञ मिळणार नव्हता, हे मी समजू शकतो. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. चुलीवर पाणी तापवून आम्ही ते दिवस काढले.

१९ जानेवारीला आलेल्या तिसऱ्या तंत्रज्ञाने सर्किट बोर्ड बदलला. बोर्डाला ओल लागली असल्याने तो हमीत बसत नाही, असे सांगून त्याने २,४५० रुपये घेतले. ओल मला दाखवली नाही आणि जुना बोर्ड मागूनही ठेवून गेला नाही. नव्या बोर्डानंतर ‘ई-१’ तर राहिलाच, शिवाय ‘ई-३’ हा नवा पाहुणा आला. पुस्तिकेत ‘ई-३’ म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापले. झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यात ‘ई-३’ म्हणजे तापमानाचा सेन्सर तुटला. आणि आपल्या हेल्पलाइनच्या मते ‘ई-३’ म्हणजे पंखा बंद पडला. या गिझरमध्ये पंखाच नाही. तो दोन सेलवर चालतो आणि विजेची वायर त्याला येतच नाही, हे मी सांगितल्यावर ‘मग पंखा तपासून घ्या’ हेच वाक्य मला पुन्हा ऐकवण्यात आले. त्या दिवशी पडद्यावर ६८ अंश दिसत असताना नळाखाली धरलेला थर्मामीटर ३१ अंश दाखवत होता. सेन्सर जुनाच आहे आणि बोर्ड बदलताच आकडा चुकू लागला, त्यावरून हा बोर्ड दुसऱ्या एखाद्या मॉडेलचा असावा, असा माझा तर्क आहे.

याच भेटीत जे घडले ते मी या पत्रातला सर्वांत गंभीर भाग मानतो. ‘ई-३’ जात नाही असे पाहून आपल्या तंत्रज्ञाने ‘कट-आउट डायरेक्ट करून देतो, मग कोड येणार नाही’ असे मला सुचवले, म्हणजे कट-आउट वगळून तारा थेट जोडायच्या. पाणी न वाहता बर्नर पेटता राहिला किंवा हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्यात पाणी तापते तो भाग, जास्त तापला, तर गॅस तोडणारी तीच एक वस्तू आहे. मी नकार दिला म्हणून ते टळले. ज्यांना हे ठाऊक नाही अशा किती घरांत कोड ‘घालवण्यासाठी’ असे केले गेले असेल, याचा शोध आपण घ्यावा. गिझर बंद जागेत असेल आणि त्याची सुरक्षासाधने अशी निकामी केलेली असतील, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड माणसाला सावध होण्याची संधीही देत नाही.

तिघेही गेल्यावर मी स्वतः बसून मोजमाप केले. अठरा लिटरची बादली बरोबर तीन मिनिटांत भरली, म्हणजे पाणी मिनिटाला सहा लिटर, आपल्या जाहिरातीप्रमाणेच. टाकीतून येणारे पाणी १९ अंश आणि गिझरमधून निघणारे ३१ अंश होते. पुस्तिकेत २५ अंशांची वाढ लिहिली आहे. मिळाली १२ अंशांची. त्यानंतर स्वयंपाकघरातली शेगडी बंद ठेवून ज्योत टिकली त्या वेळी पाच मिनिटे फक्त गिझर चालवला, तर गॅस मीटर जेमतेम ०.०५ घनमीटर पुढे सरकला. पुस्तिकेतली वाढ मिळायची, तर तो ०.१ घनमीटरच्या आसपास सरकायला हवा होता. पाणी पुरेसे, गॅस निम्मा आणि उष्णताही निम्मी, असा हा सरळ हिशेब आहे.

मग मी गिझरच्या बाजूची पट्टी आरशात धरून वाचली. भिंतीकडच्या अंगाला असल्याने ती सहज दिसत नाही. तिच्यावर गॅसचा प्रकार एलपीजी, दाब २.९४ किलोपास्कल आणि आयएस १५५५८ हे मानक छापलेले आहे, जे एलपीजीवर चालणाऱ्या लहान घरगुती गिझरसाठीच आहे. एलपीजी घरात सुमारे ३० मिलिबार (म्हणजे पट्टीवरच्या २.९४ किलोपास्कल) दाबाने येतो, तर पाइपचा गॅस सुमारे २१ मिलिबारने. शिवाय तितक्याच आकारमानाच्या एलपीजीत नैसर्गिक गॅसच्या सुमारे अडीच पट उष्णता असते. म्हणूनच नैसर्गिक गॅसच्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचे, भोक मोठे असावे लागते. एलपीजीचे बारीक जेट तसेच ठेवून पाइपचा गॅस जोडला, तर ज्योत आखूड राहते, सळईच्या टोकाला जेमतेम लागते आणि वाऱ्याची झुळूक किंवा सळईवरचा थोडासा थर एवढ्यानेही तो क्षीण प्रवाह तुटतो. ‘ई-१’ त्यामुळे येत होता. ऑक्टोबरात टाकीतले पाणीच २७-२८ अंशांचे असते, त्यात बारा अंशांची भर पडून अंघोळीपुरते पाणी मिळत होते, म्हणून दोष तेव्हा लक्षात आला नाही. बसवतेवेळी मी जेटबद्दल विचारले होते आणि ‘दोन्हीवर चालतो’ असे उत्तर मिळाले होते, याची मला स्पष्ट आठवण आहे. तेव्हाच पट्टी वाचली नाही, एवढी चूक मात्र माझी.

यावर माझी मागणी अशी आहे की आपण हा गिझर परत घेऊन नैसर्गिक गॅससाठीच बनवलेला व पट्टीवर तसे नमूद असलेला गिझर द्यावा, किंवा तसा आपल्याकडे नसल्यास ७,४०० रुपये परत करावेत. तसेच तीन भेटींचे मिळून घेतलेले ३,४५० रुपये परत करावेत, कारण बदललेला एकही भाग नादुरुस्त असल्याचे मला दाखवण्यात आले नाही. याखेरीज पुस्तिका, आतला तक्ता आणि हेल्पलाइन या तिन्ही ठिकाणी या मॉडेलच्या कोडचा एकच अर्थ असावा आणि तो येथील ग्राहकांना कळेल अशा गुजराती, हिंदी व मराठी भाषांत, ज्योत व ठिणगी पाहून कारण कसे ओळखावे यासह छापावा. ‘डायरेक्ट’ करण्याच्या सूचनेबद्दल आपण काय कारवाई केली, तेही मला लेखी कळवावे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्याने येथील जिल्हा आयोगाकडेही जाईन. सोबत बिलाची प्रत, तिन्ही पावत्या, पट्टीचे व दोन्ही तक्त्यांचे फोटो आणि ३ जानेवारीपासून मी वहीत ठेवलेल्या वेळ, कोड व ज्योतीच्या नोंदींची पाने जोडली आहेत. तपासणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास जेटच्या भोकाचे माप घेण्याची साधने त्याच्यासोबत द्यावीत. सेल मी घरी आणून ठेवले आहेत.

आपला,
(सही)
ग्राहक