शेअर सर्टिफिकेट आणायचे कुठून?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला गृहकर्जावरचा लेख वाचला. आता बँकेत खेटे घालायची गरज नाही, मोबाईलवर सगळे होते, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. मुंबईत होत असेल. साताऱ्यात काय होते, तेही कृपया छापा.

माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी इथे रीसेलचा फ्लॅट घेतला. ऑनलाइन कर्ज देणाऱ्या एका कंपनीने पगाराच्या स्लिपा आणि सिबिल स्कोअर बघून बसल्या जागी तत्त्वतः मंजुरी दिली. त्यावर साठेखत झाले, दोन लाख इसार दिला गेला. मग कागदपत्रे मागितली आणि सगळे ‘सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट’ (सोसायटी सभासदाला देते तो भागाचा दाखला) या रकान्यापाशी अडले. इमारत १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. सोसायटीच नाही, तर शेअर सर्टिफिकेट आणायचे कुठून? अशा इमारतीचे डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे ती या कायद्याखाली आणल्याचे घोषणापत्र, नोंदवलेले असते आणि फ्लॅटची मालकी डीड ऑफ अपार्टमेंटवरून ठरते. तिने दोन्ही पाठवली. फोनवर दर वेळी नवा माणूस. तो सगळे ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “मॅडम, शेअर सर्टिफिकेट मँडेटरी आहे.” इकडे साठेखताची मुदत संपत आली आणि विकणारे इसार जप्त करण्याची भाषा बोलू लागले. घरात कुणाला अन्न गोड लागेना.

शेवटी पेठेतल्या सहकारी बँकेत गेलो. त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलांनी याच इमारतीतल्या दुसऱ्या फ्लॅटचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने दस्त तपासून दिलेला मालकीचा अहवाल, पूर्वी केलेला होता. त्यांनी एकेक कागद टेबलावर पसरला, एका जुन्या दस्तावर बोट ठेवले आणि म्हणाले, “याची सर्टिफाइड कॉपी दुय्यम निबंधकांकडून आणा, बाकी सगळे आहे.” मुदतीत खरेदीखत झाले.

व्याज पाव टक्का जास्त पडले, हे खरे. पण ३० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला सव्वाआठ आणि साडेआठ टक्क्यांत हप्त्याचा फरक पावणेपाचशे रुपयांच्या आसपास येतो. तिकडे दोन लाख बुडायची वेळ आली होती! मंजुरी किती मिनिटांत मिळते हे लेखात तीनदा आले आहे. घराचे कागद कोण, कधी तपासणार, याबद्दल अवाक्षर नाही. इसार देण्याआधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

सहकारी बँकेवरही माझा राग आहे. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला, आमचा हप्ता जागचा हलला नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. सहकारी बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. हे वाचकांना सांगायला नको का? सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांनाच द्यावे लागते, त्याचाही उल्लेख नाही.

आमच्या भागातल्या जुन्या फ्लॅटच्या कागदपत्रांवर इथल्याच एखाद्या वकिलांकडून लेख लिहून घ्या. आणि पुरवणीतल्या तक्त्यांचे अक्षर मोठे करा. व्याजदराचा कालचा तक्ता मला भिंग लावूनही वाचता आला नाही, शेजारची कर्जाची जाहिरात मात्र अर्धे पान होती.

– एक जुना वर्गणीदार, सातारा