पीनेम्युंडे आणि त्यानंतर : अग्निबाणांच्या ठाण्यांवरची बाँबफेक

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वाचनालयातल्या व्याख्यानात तू सांगणार आहेस की, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अवजड बाँबफेकी विमानांनी एका रात्रीत जर्मनांचा पीनेम्युंडेचा व्ही-२ अग्निबाणाचा कारखाना धुळीला मिळवला. ते वाक्य तसंच बोलू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या रात्रीने जर्मनांचे सुमारे दोन महिने खाल्ले, एवढं साधारण मान्य आहे. पण कारखाना संपला नाही, तो हलला. आणि तो कुठे हलला, तिथे काय झालं, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आधी रात्र नीट समजून घे. १७-१८ ऑगस्ट १९४३. बाल्टिक समुद्रातल्या उसेडोम बेटाचं उत्तर टोक म्हणजे पीनेम्युंडे. ५९६ विमानं निघाली : ३२४ लँकेस्टर, २१८ हॅलिफॅक्स, ५४ स्टर्लिंग. एरवी ही विमानं रात्री पंधरा-अठरा हजार फुटांवरून जात आणि अख्खं शहर हेच त्यांचं लक्ष्य असे. इथे किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत तीन वेगळी लक्ष्यं होती : शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची वसाहत, उत्पादनाच्या शेड, आणि प्रयोगशाळांचा भाग. वसाहत पहिल्या क्रमांकावर ठेवली होती, म्हणजे माणसं मारणं हा योजनेचाच भाग होता. व्याख्यानात हे झाकू नकोस. एवढी बारीक लक्ष्यं टिपायची म्हणून पौर्णिमेच्या आसपासची रात्र निवडली आणि उंची आठ हजार फुटांच्या आसपास आणली. चांदणं जसं बाँब टाकणाऱ्याला उपयोगी, तसंच शिकारी विमानालाही. हा धोका जाणूनबुजून पत्करलेला होता. वैमानिकांना अग्निबाणाबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिथे रडारचं काम चालतं, आणि आज काम फत्ते झालं नाही तर उद्या पुन्हा जावं लागेल, एवढंच त्यांच्या कानावर घातलं होतं.

आता खरी मेख. एवढ्या ताफ्यातलं प्रत्येक विमान स्वतः लक्ष्य शोधत नसे. पुढे गेलेली पाथफाइंडर विमानं रंगीत खूणदिवे टाकत आणि मागचे सगळे त्या दिव्यांवर नेम धरत. खूणदिवा म्हणजे २५० पौंडी बाँबचं कवच, आत साठ रंगीत ज्वाळाकांड्या. हवेच्या दाबावर चालणारा फ्यूज ते कवच ठरल्या उंचीवर फोडतो आणि कांड्या झुंबरासारख्या खाली उतरतात. त्या काही मिनिटांत विझतात, म्हणून मागून येणाऱ्यांनी सतत नवे दिवे टाकत राहायचं. दिवा चुकला की त्याच्या मागचे सगळे बाँब चुकले, इतकं ते सरळ होतं.

आणि तो चुकलाच. विमानातल्या रडारच्या पडद्यावर किनाऱ्याची रेघ स्पष्ट दिसावी अशी अपेक्षा होती. तरीही पहिले दिवे लक्ष्याच्या दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर, ट्रासेनहाइडच्या मजूर छावणीवर पडले. तिथे परदेशातून पकडून आणलेले मजूर होते, त्यात पोलिश लोक बरेच. मारल्या गेलेल्यांत पाचशेहून अधिक जण याच छावणीतले होते. जर्मन मृतांची संख्या त्यापेक्षा बरीच कमी, दोनशेच्या आत. ज्यांच्यासाठी हल्ला होता त्यांच्यापैकी वजनदार नाव एकच : इंजिनाचा रचनाकार वाल्टर थील. तो कुटुंबासह मेला.

चूक सावरली ती ग्रुप कॅप्टन जॉन सर्बीने. तो त्या रात्रीचा ‘मास्टर बॉम्बर’ होता. संपूर्ण हल्ला होईपर्यंत लक्ष्यावर घिरट्या घालायच्या आणि रेडिओवरून सांगत राहायचं की, अमुक रंगाचे दिवे सोडा, तमुक घ्या. बाँबर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी विभागाच्या, पूर्ण ताकदीच्या हल्ल्यात ही पद्धत इथे प्रथम वापरली. दुसरी नवी गोष्ट म्हणजे विमानांच्या एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या मधल्या वेळात दिवे एका लक्ष्यावरून पुढच्या लक्ष्यावर सरकवणं. त्यासाठी नेमलेली विमानं नेमयंत्रात मुद्दाम खोटा वारा भरत. म्हणजे नेम जुन्या दिव्यावर धरायचा आणि नवा दिवा ठरलेल्या अंतरावर पुढे पडायचा. तिसऱ्या लाटेतल्या बाँबर कमांडच्या ५ क्रमांकाच्या गटाने तर दिव्यांवर भरवसाच कमी ठेवला. र्‍युगेन बेटावरच्या ठरलेल्या खुणेपासून वेग आणि सेकंद मोजत ते आले, कारण तोवर धुराने खाली काही दिसणार नाही हे त्यांनी ताडलं होतं. मागच्या लाटांचा आणखी एक जुना दोष होता : आगीची अलीकडची कड दिसली की बाँब सोडून मोकळं व्हायचं. त्यामुळे बाँबफेक हळूहळू आल्या वाटेने मागे घसरत जाते. त्यावर उपाय शोधणं हा पाथफाइंडरांचा कायमचा उद्योग होता.

आठ हलक्या मॉस्किटो विमानांनी बर्लिनवर खोटा हल्ला करून शिकारी विमानं तिकडे अडकवून ठेवली. पहिल्या दोन लाटा त्यामुळे बऱ्यापैकी सुटल्या. तिसरी सापडली. एकूण ४० विमानं गेली, त्यातली बहुतेक शेवटच्या लाटेतली. वर तिरक्या रोखलेल्या तोफा बसवलेली जर्मन शिकारी विमानं त्या रात्री प्रथम लढली. ती बाँबफेक्याच्या पोटाखाली येत, आणि खालची बाजू लँकेस्टरमधल्या कुणालाच दिसत नसे. विमानात सात माणसं असत. ४० गुणिले सात करून बघ.

सुमारे १,८०० टन बाँब पडले. वसाहत पार कोसळली, उत्पादनाच्या शेडना मार बसला, पण वाऱ्याचा बोगदा, म्हणजे हवेच्या झोतात नमुने तपासण्याची जागा, शाबूत राहिला. जर्मनांनी बरेच अवशेष मुद्दाम तसेच पडू दिले, वरून फोटो काढणाऱ्यांना जागा ओसाड वाटावी म्हणून. चाचण्या पोलंडमधल्या ब्लिझनाला गेल्या. उत्पादन गेलं हार्त्स पर्वताजवळ, नॉर्डहाउझेनच्या कोनश्टाइन डोंगरातल्या बोगद्यांत. ते बोगदे वाढवायला आणि अग्निबाण जुळवायला नाझींच्या डोरा छळछावणीतले कैदी वापरले. त्या छावणीतून सुमारे साठ हजार माणसं गेली आणि वीस हजारांच्या आसपास मेली. अग्निबाण बनवताना मेलेली माणसं ही अग्निबाणाने मारलेल्यांपेक्षा जास्त आहेत. माझ्या मते व्याख्यानाचा कणा हाच हवा.

आता फ्रान्समधली काँक्रीटची ठाणी. इथे अवजड विमानं कधी उपयोगी पडतात आणि कधी नाही, हे फार स्वच्छ दिसतं. वातनजवळच्या एपर्लेकच्या जंगलात अग्निबाण सोडण्याचा प्रचंड बंकर उभा राहत होता. २७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकेच्या अवजड बी-१७ विमानांनी तिथे दोन हजार पौंडी बाँब टाकले. काँक्रीट नुकतंच ओतलेलं होतं. फर्म्यातल्या सळया वाकड्या झाल्या आणि वर तो लगदा तसाच घट्ट झाला. उत्तरेकडचा भाग कायमचा निकामी. हेच बाँब महिनाभराने टाकले असते तर काँक्रीटवर नुसते खड्डे पडले असते. जर्मन यातून शिकले. उरलेल्या भागात त्यांनी आधी छताचा पाच मीटर जाड स्लॅब जमिनीलगत ओतला, हायड्रॉलिक जॅकने थोडाथोडा वर उचलला आणि त्याच्या आडोशाला भिंती चढवल्या. विझेर्नला दगडखाणीच्या माथ्यावर आधी ७१ मीटर व्यासाचा, पाच मीटर जाडीचा घुमट ओतला आणि मग त्याच्या पोटात खणायला घेतलं.

अशा छतावर सरळ बाँब टाकत बसण्यात अर्थ नव्हता. ब्रिटिश अभियंता बार्न्स वॉलिसचं म्हणणं वेगळं होतं : छत फोडू नका, त्याच्या शेजारची जमीन खोलवर हलवा. त्याचा टॉलबॉय बाँब १२,००० पौंडांचा, २१ फूट लांब, नाकाकडे जाड पोलादाचा. आत ५,२०० पौंड टॉर्पेक्स नावाचं स्फोटक. कवच उभं ठेवून वितळलेलं टॉर्पेक्स हाताने ओतत, आणि भरलेला बाँब निवायला कित्येक दिवस लागत. शेपटीचे पंख पाच अंश तिरके, म्हणजे पडताना तो स्वतःभोवती फिरतो आणि ध्वनीचा वेग गाठतानाही डळमळत नाही. फ्यूज एक नाही, तीन, आणि तेही मागच्या टोकाला, कारण पुढचं टोक जमिनीत शिरतानाचा धक्का सोसतं. १८,००० फुटांवरून सोडला की सदतीस सेकंदांत खाली, आणि ऐंशी फूट खोल, शंभर फूट रुंद खड्डा.

पण त्यासाठी हा बाँब टाकणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ क्रमांकाच्या तुकडीला नेमयंत्राकरता कित्येक मिनिटं सरळ, एका वेगात, एका उंचीवर उडावं लागे. विमानविरोधी तोफांना याहून सोपं सावज नाही. शिवाय खालची खूण ढगाआड गेली की सगळं व्यर्थ. मग बाँब समुद्रात टाकायचा नाही, परत आणायचा, कारण तो महाग आणि मोजकाच होता.

परिणाम बघ. मिमोयेकला लंडनवर रोखलेल्या लांब नळ्यांच्या तोफा डोंगरात पुरल्या होत्या. ६ जुलै १९४४ ला एक टॉलबॉय वरच्या स्लॅबच्या कोपऱ्यावर लागला, काही खाली बोगद्यांपर्यंत पोचले. त्या तोफा कधीच वाजल्या नाहीत. विझेर्नला १७ जुलैला घुमट तसाच राहिला, पण त्याखालची टेकडी घसरली आणि तोंडं बुजली. वॉलिसचं गणित नेमकं बसलं.

उलट, व्ही-१ उडत्या बाँबच्या छोट्या ठाण्यांवर ही विमानं म्हणजे उधळपट्टी होती. स्कीच्या आकाराच्या इमारती असलेल्या त्या सुरुवातीच्या एका ठाण्याला निकामी करायला मॉस्किटोला सरासरी चाळीसेक टन लागत, तर बी-१७ ला १५० टनांहून जास्त. जर्मनांनी पुढे साधी, लपवता येणारी ठाणी बांधली, आणि १३ जून १९४४ ला पहिला व्ही-१ लंडनवर गेलाच. साठ्यांवरचे हल्ले जास्त कामाचे ठरले, पण महाग. सँ-लू-देसराँच्या अळिंब्या पिकवायच्या गुहांत व्ही-१ साठवले होते. ७-८ जुलैच्या रात्री त्यांची तोंडं ढासळवायला गेलेल्या सुमारे दोनशे विमानांतली २९ लँकेस्टर आणि दोन मॉस्किटो परतली नाहीत.

८ सप्टेंबर १९४४ ला व्ही-२ लंडनवर पडू लागले, तेव्हा तर बाँब टाकायला जागाच उरली नव्हती. चाकांच्या गाड्यावरून अग्निबाण हेगजवळच्या झाडीत आणायचा, तिथे उभा करायचा, इंधन भरायचं, सोडायचा आणि निघून जायचं. वातन आणि विझेर्नच्या काँक्रीटशिवायही ते चालत होतं. त्यामुळे ‘बंकर फोडले म्हणून अग्निबाण थांबले’ असं कुणी म्हणालं, तर ही तारीख पुढे कर.

एक व्यवहाराची गोष्ट. आकडे देताना टनांचा घोळ होऊ देऊ नकोस. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकन २,००० चा, आपला मेट्रिक साधारण २,२०५ चा. टॉलबॉय मेट्रिकमध्ये साडेपाच टनांच्या थोडा आत येतो. तक्ता करणार असशील तर आधी सगळं किलोत आण. आणि उसेडोमचा नकाशा लावशील त्यावर ट्रासेनहाइड ठळक दाखव. बऱ्याच नकाशांत ते गाळलेलं असतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मसुदा झाला की पाठव.

तुझा,
मोहन