अडकणाऱ्या चापाचे निदान करून देणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

माझ्या नव्या रिव्हॉल्व्हरचा चाप अडकत असल्याची तक्रार घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा चाप हलका करण्यासाठी आतली स्प्रिंग बदलायची, असे मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. आपण हत्याराला हात लावण्याआधी जे प्रश्न विचारलेत, त्यांनी माझा तो निर्णय अर्ध्या तासात मोडीत काढला. त्याबद्दल आपले आभार मानावेत आणि हीच अडचण ज्यांना आली असेल त्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपण प्रथम सिलिंडर बाहेर काढून सहाही कप्पे रिकामे असल्याची खात्री केलीत, मलाही ती स्वतः करायला लावलीत आणि खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलीत. मग विचारलेत, की चाप नेमका केव्हा अडकतो, ओढताना की सोडल्यावर परत येताना? खरे सांगायचे तर, हे दोन वेगळे दोष असू शकतात, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आले नव्हते. ओढताना अडथळा येत असेल, तर संशय आधी सिलिंडरच्या फिरण्यावर घ्यावा, हे आपण कारणांसह समजावून दिलेत. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचले, तर चांदणी पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर घासू लागतो; काडतुसाची प्रायमर टोपी (आघाताने दारू पेटवणारी मागची छोटी टोपी) किंचित वर राहिली, तर ती मागच्या पोलादी भिंतीला टेकते; आणि चांदणीची दांडी सैल होऊन पुढे सरकली, तर सिलिंडर बाहेर काढणेही अवघड होते. यांपैकी काही असते तर दोष एखाद्याच कप्प्यावर दिसला असता, किंवा काडतुसे भरल्यावर अथवा बऱ्याच गोळ्या झाडल्यावर वाढला असता. माझ्या रिव्हॉल्व्हरचा चाप मात्र सहाही कप्प्यांवर, रिकाम्या सिलिंडरवर आणि आपल्या डमी (दारू नसलेल्या, सरावाच्या) काडतुसांवरही सारखाच, परत येताना अर्ध्या वाटेत थबकत होता आणि सकाळच्या गारठ्यात अधिकच रेंगाळत होता.

गारठ्याचा हा तपशील मी सहज बोलून गेलो होतो. आपण मात्र तोच नेमका उचललात. कारखान्यातून निघताना गंज चढू नये म्हणून आत भरलेले ग्रीस थंडीत घट्ट होते आणि चापाला पुढे ढकलणारी सरकपट्टी त्यात रुतल्यासारखी चालते, हे आपले अनुमान होते. लाकडी मूठ काढून, साइड प्लेटला, म्हणजे आतली यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पत्र्याला, हात न लावता, आपण आत द्रावक सोडलात, तो निथळू दिलात आणि तेलाचे मोजकेच थेंब दिलेत, कारण जास्त तेल पुढे स्वतःच चिकट होऊन बसते. द्रावकाबरोबर जो तपकिरी लगदा बाहेर आला, तो पाहून नव्या वस्तूच्या स्वच्छतेविषयीचा माझा भ्रम दूर झाला.

स्प्रिंगविषयी आपण दिलेला इशारा मला सर्वांत मोलाचा वाटतो. चाप परत आणणारी स्प्रिंग कापली किंवा हलकी घातली, तर ओढ जरूर कमी होते. पण परत येण्याची ताकदही तितकीच घटते, म्हणजे माझा दोष मी स्वतःच्या हाताने वाढवला असता. शिवाय माझ्या रिव्हॉल्व्हरच्या रचनेत चाप पूर्ण पुढे आल्याशिवाय हॅमर ब्लॉक, म्हणजे घोड्याला काडतुसावर आदळू न देणारा अडसर, आपल्या जागी येत नाही, त्यामुळे रेंगाळणारा चाप हा केवळ गैरसोयीचा नव्हे तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. त्या संदर्भात आपण 1944 सालची घटना सांगितलीत: जहाजाच्या डेकवर पडलेल्या व्हिक्टरी मॉडेल रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ते बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने हॅमर ब्लॉकची रचना बदलली. ते ऐकल्यानंतर आतल्या ग्रीसकडे मी पूर्वीसारखे दुर्लक्ष करू शकलो नाही.

साफसफाईने अडकणे बहुतांशी थांबले, तरी एका ठिकाणी बारीक खरखर उरली. इथे आपण थांबलात, याचे मला आजही कौतुक वाटते, कारण आपल्या हातात कौशल्य होते आणि कानसही हाताशी होती. नवे हत्यार हमीच्या मुदतीत असताना घासू नये, साइड प्लेट पात्याने उचकटू नये आणि लक्षणे नीट लिहून ते उत्पादकाच्या कार्यशाळेकडे पाठवावे, असे आपण निक्षून सांगितलेत. आपण सांगितल्याप्रमाणे लिहिलेल्या टिपणाचा उपयोग झाला. कार्यशाळेला सरकपट्टीच्या कडेवर यंत्रकामात राहिलेला बारीक कंगोरा सापडला आणि त्यांनी तो काढून दिला.

एक कबुली राहिली. आपण माझे बोट न्याहाळून म्हणालात, की काही वेळा चाप अडकत नाही, मीच तो पूर्ण सुटू देत नाही आणि अर्ध्यातूनच पुन्हा ओढतो. ते ऐकून मी जरा ओशाळलो होतो. आता डमी काडतुसांवर रोज सावकाश सराव करतो आणि बोट पूर्ण पुढे आल्याशिवाय दुसरी ओढ घेत नाही. आपली सहाही काडतुसे अजून माझ्याकडेच आहेत. त्यातल्या एकाची मागची रबरी टोपी झिजली आहे, ती बदलून पुढच्या भेटीत परत आणीन.

आपला कृतज्ञ,
एक नवशिका नेमबाज