एफईएस स्कॅन समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ताईचा स्तनाचा कर्करोग हाडांत परतला तेव्हा आम्हाला एकच घोर होता: हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल की केमो घ्यावीच लागेल? जुन्या गाठीचा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह होता, म्हणजे तिच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारे रिसेप्टर होते आणि हार्मोनच्या गोळ्या लागू पडण्याची शक्यता होती. पण परतलेला आजारही तसाच असेल असं धरून चालत नाही. त्यात मणक्यातल्या डागाची बायोप्सी जोखमीची. तेव्हा तुम्ही एफईएस पेट स्कॅन सुचवलात, हे रिसेप्टर अंगात कुठे आहेत ते दाखवणारा.

नेहमीच्या पेटमध्ये साखरेसारखं द्रव्य टोचतात. कुठल्या पेशी ती जास्त ओढतात ते दिसतं. इथे टोचतात ते इस्ट्रोजेनचंच रूप, किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं. जिथे रिसेप्टर शाबूत, तिथे ते जाऊन चिकटतं आणि ती जागा उजळते. सुईला एकाच गाठीचा तुकडा मिळतो, इथे अंगभरच्या गाठी एकदम तपासता येतात.

तारीख देण्याआधी तुम्ही ताईची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावलीत आणि एकेक पाकीट उलटून नाव वाचलंत. “लेट्रोझोल चालेल. टॅमॉक्सिफेन असतं तर 8 आठवडे थांबलो असतो, फुलवेस्ट्रंट असतं तर 28. ती दोन औषधं रिसेप्टर अडवून बसतात, मग आजार असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो.” एवढ्या बारकाईने कुणी विचारेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

पडद्यावर यकृत लख्ख दिसलं आणि ताईचा चेहराच उतरला. तुम्ही लगेच सांगितलंत की इस्ट्रोजेनचा निचरा यकृतातूनच होतो, त्यामुळे ते सगळ्यांचंच उजळतं. म्हणूनच तिथल्या गाठींबद्दल हा स्कॅन काही सांगू शकत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी करू. मशीनला काय दिसत नाही हेही सांगितलंत, म्हणून जे दिसलं त्यावर आमचा विश्वास बसला. मणक्यातले आणि कमरेच्या हाडातले डाग उजळले होते. तरी तुम्ही खोटी आशा लावली नाहीत: “उजळलं म्हणजे औषध लागू पडेलच असं नाही. पण उजळलं नसतं, तर आशा फारच कमी होती.”

या द्रव्याने घेतलेल्या रुग्णांच्या पहिल्या प्रतिमा 1988 साली प्रसिद्ध झाल्या, अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मंजुरी 2020 मध्ये आली. मधली इतकी वर्षं ज्यांनी हे काम सोडलं नाही, त्यांचेही आभार मानावेसे वाटतात.

ताईचे हार्मोनचे उपचार सुरू झाले आहेत. बायोप्सी अवघड आहे म्हणून अडलेल्या आणखी कुणी आपल्या डॉक्टरांना या स्कॅनबद्दल विचारावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं. तुमचे मनापासून आभार.

तुमची ऋणी,
ताईची धाकटी बहीण