चिप राहू द्या, आधी जाळी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'म्हातारपणी गेलेली दृष्टी परत येणार' हा मथळा ज्याने दिला, त्याने खालचा मजकूर वाचला होता का, एवढंच विचारायचं आहे. बातमीतली चिप, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली बसवायचं इवलंसं उपकरण, बसवली ती युरोपात, 38 जणांना. वर्षभराने तपासलेल्या 32 पैकी 26 जणांना वाचताना बऱ्यापैकी फरक पडला. शास्त्रज्ञांचं कौतुकच आहे. पण ही चिप म्हातारपणी पडद्याचा मधला भाग खराब होतो त्या आजारासाठी (मॅक्युलर डीजनरेशन; त्याचे प्रकार दोन, कोरडा आणि ओला), आणि त्यातही कोरड्या प्रकारातल्या, शेवटच्या टप्प्याच्या रुग्णांसाठी. दिसतं ते काळं-पांढरं, आणि कॅमेऱ्याचा चष्मा लावून कित्येक महिने सराव करावा लागतो. हे तुम्ही शेवटच्या परिच्छेदात उरकलंत.

आमच्या घरात मथळा मोठ्याने वाचला गेला आणि थोरले बंधू (वय 78) म्हणाले, "मग आपण कधी निघायचं?" आता त्यांची समजूत घालायला तुमचे वार्ताहर येणार आहेत का सेनगावला?

दादांनी मागे एकदा सुताराला बोलावणं धाडलं, देवघराची चौकट वाकली म्हणून. त्याने ओळंबा लावून दाखवला, चौकट सरळ. "तुझा ओळंबाच वाकडा!" म्हणून दादा त्याच्यावरच डाफरले. पुढे शिबिरात नेलं. तिथे मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, काळा चष्मा, पाहुण्यांच्या हस्ते फळं, फोटो, सगळं साग्रसंगीत. चौकट मात्र वाकडी ती वाकडीच. पडदा कुणी बघितलाच नव्हता! नांदेडला पडद्याच्या डॉक्टरांनी बघितलं तोवर ओल्या प्रकाराने मधोमध व्रण करून ठेवला होता. या प्रकारात पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. वेळेत डोळ्यात इंजेक्शनं मिळाली तर पाझर आवरतो, आणि ही इंजेक्शनं काही उद्या यायची नाहीत, 2006 पासून आहेत. व्रण झाल्यावर काय उपयोग? आता समोर माणूस उभा आहे हे कळतं, तोंड दिसत नाही. मान तिरपी करून कडेने बघतात, तर लोकांना वाटतं म्हातारा रुसलाय.

कोरड्या प्रकारासाठी अमेरिकेने 2023 मध्ये दोन इंजेक्शनं मंजूर केली. तीही आजाराचा वेग तेवढा कमी करतात, गेलेली नजर आणत नाहीत. त्यातल्या एकाला युरोपने नकार दिला. तुमच्याकडे मात्र दोन्ही 'रामबाण'.

आणि हो, त्याच पानावर खाली 'थेंब टाका, मोतीबिंदू विरघळवा' अशी जाहिरात! असे कुठलेही थेंब नाहीत, हे आपल्या जाहिरात विभागाला कुणीतरी सांगावं. पुढच्या रविवारी तिथे चौकोनांची जाळी छापा, मधे एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग आला, तर शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. जाळीला जागा त्या जाहिरातीएवढीच लागेल.

– एक जुना वाचक, सेनगाव, जि. हिंगोली